वन्संच्या घरातले शब्द

वन्संकडे जाताना चपलांबरोबर अर्धी जीभही दाराबाहेर काढून ठेवायची, असं आमचे हे म्हणायचे. ह्यांची धाकटी बहीण म्हणजे माझ्या वन्सं. त्यांच्या घरात एका शब्दाला एकच अर्थ चालायचा. वन्संनी हा नियम हौसेनं केलेला नव्हता. त्यांची एकुलती एक मुलगी, जिला आम्ही सगळे अजून बाळीच म्हणतो आणि जी आता तिशी ओलांडून गेली आहे, तिच्यामुळे तो झाला होता. बाळीला शब्द पहिल्यांदा ज्या अर्थानं कळतो, त्याच अर्थानं तो तिच्याकडे कायमचा राहतो. त्याला दुसरा अर्थ असू शकतो हे तिला पटत नाही, आणि कुणी तसा वापरला तर ती घाबरते.

आमच्या ह्यांनी जन्मभर बस चालवली. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून उतारूंची चेष्टा करायची सवय लागलेला माणूस. एकदा वन्संकडे गेल्या गेल्या म्हणाले, "वाढ गं काहीतरी, पोटात कावळे ओरडताहेत." बाळी हातातलं काम टाकून उठली, ह्यांच्या पोटाला कान लावून उभी राहिली आणि रडायला लागली. त्यानंतर कितीतरी दिवस ती ह्यांना जेवू देईना. आत कावळा आहे, त्याच्या डोक्यावर भात पडेल, असं तिचं म्हणणं.

"दादा, तुला साधं 'भूक लागली' म्हणता येत नाही का?" वन्सं म्हणाल्या.

"येतं की. पण त्यात मजा काय?"

"मजा तुझी, निस्तरायचं मी."

वन्सं काजं-बटणांचं काम करायच्या. शिलाईच्या दुकानाचे मास्तर शिवलेले शर्ट गठ्ठ्यानं पाठवायचे, आणि वन्सं खिडकीशी बसून त्यांना काजं करायच्या, बटणं लावायच्या. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत एक टेबल, त्यावर डबे. बाळी बटणं निवडायची. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे, कड उडालेली तिसऱ्या डब्यात. तिच्या हातून एक बटण कधी चुकलं नाही. शनिवारी गठ्ठा परत जायचा. बाळीला वार कळायचा तो या गठ्ठ्यावरून. गठ्ठा गेला की शनिवार, हे तिच्यासाठी सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं.

घरातून निघताना आपण सगळ्या "येते" म्हणतो. वन्सं "जाते" म्हणायच्या. शेजारच्या आजींना ते अजिबात खपायचं नाही. "अगं, घरातून निघताना तोंडातून असं काढू नये," म्हणायच्या. वन्सं पायात चपला सरकवत म्हणायच्या, "आजी, मी जातेच आहे. 'येते' म्हटलं तर ती आत्तापासून दारात उभी राहील."

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण त्या वेळी सगळंच हसण्यासारखं नव्हतं. वन्संचे यजमान आजारी पडले तेव्हा बाळी लहानच होती. त्यांना दवाखान्यात नेलं, वरच्या मजल्यावर ठेवलं, आणि तिथून ते परत आले नाहीत. घर माणसांनी भरलं. एकीनं बाळीला जवळ घेऊन सांगितलं, "बाबा गेले गं." बाळी दारात जाऊन उभी राहिली. गेलेला माणूस परत येतो, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं, "बाबा देवाघरी गेले." तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन देव्हाऱ्याचा पडदा बाजूला करून बघू लागली. पुन्हा पुन्हा बघितलं. शेवटी वन्सं उठल्या, तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळी, बाबा मेले. ते आता येणार नाहीत."

वन्संच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "नवऱ्याला कुणी 'मेले' म्हणतं का? माणसासारखं बोल."

वन्संचा आवाज अजिबात चढला नाही. "'वारले' तिला कळत नाही. 'गेले' म्हटलं की ती दारात जाते. तिसरा शब्द असेल तर तुम्ही द्या, जाऊबाई. मी तो वापरते."

कुणाकडेच नव्हता. बाळीनं दारातली बापाची चप्पल उचलली आणि कपाटाखाली ठेवली.

पण त्या दिवशी एक शब्द कायमचा अडकून बसला, तो म्हणजे दवाखाना. बाळीच्या लेखी दवाखाना म्हणजे जिथून माणूस येत नाही ती जागा. वन्संना ताप आला तरी त्या घरीच काढायच्या. दात दुखला तर लवंग धरायच्या. दवाखान्याचं नाव निघालं की बाळी त्यांच्या पदराला हात घालायची, आणि तो सोडवता सुटायचा नाही.

मी रोज देवापाशी बसते, त्यामुळे एकदा मी वन्संना विचारलं होतं, "देव म्हणजे काय ते बाळीला कसं सांगितलंत?" वन्सं म्हणाल्या, "देव म्हणजे हात जोडायचे. बस. ह्याच्यापुढे मलाच धड सांगता येत नाही, तर तिला काय सांगू?" मला आधी ते कमी वाटलं होतं. आता वाटत नाही.

मग वन्संचं दुखणं सुरू झालं. वर्षभर त्यांनी अंगावर काढलं. रक्त इतकं जायचं की काजं करता करता समोरचं दिसेनासं व्हायचं. मीच हट्टानं त्यांना घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, गाठ आहे, पिशवी काढायला लागेल, आणि आता थांबण्यात अर्थ नाही.

वन्संच्या घरी येऊन मी ह्यांना तेच सांगत होते, "पिशवी काढायची म्हणाल्या," तर बाळी उठली, दारामागच्या खिळ्यावरची कापडी पिशवी काढून तिनं माझ्या हातात दिली. मला हसू फुटलं, वन्संना फुटलं, आणि मग वन्सं हसता हसता ज्या रडायला लागल्या त्या थांबेचनात. बाळी बिचारी पिशवी झटकून आत काही आहे का बघत राहिली.

"मी नाही जाणार, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "मी तिथे राहायला गेले, की हिच्यासाठी मी मेले."

ह्यांनी तोड काढली. "त्यात काय? आई कामाला गेली म्हणून सांगू. आठवड्याचा तर प्रश्न."

"आणि नंतर? मी दुकानात गठ्ठा द्यायला 'कामाला जाते' म्हणून निघाले, की तिला काय वाटेल? दूध नासलं तर दुसरं आणता येतं, दादा. माझ्याकडे शब्द मोजके आहेत. त्यातला एक नासवला तर मी तिच्याशी बोलू कशानं?"



शेवटी वन्संनी स्वतःच मार्ग काढला, त्यांच्या काजांसारखाच, एकेक टाका घालत. दर आठवड्याला त्या बाळीला घेऊन दवाखान्यात जायच्या. पहिल्यांदा नुसत्या फाटकापर्यंत. बाळीनं त्यांचा पदर घट्ट धरलेला. फाटकाला हात लावला आणि घरी परत. पुढच्या वेळी आवारात. मग आत, खालच्या मजल्यावरच्या बाकावर. बाकावर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, उठायचं आणि घरी यायचं. घरी आल्यावर वन्सं म्हणायच्या, "आपण दवाखान्यात गेलो. आपण घरी आलो." बाळी ते पुटपुटत म्हणायची.

दवाखान्याचा पहारेकरी सुरुवातीला विचारायचा, "काय झालंय कुणाला?"

"कुणाला काही नाही. बसायला आलोय," वन्सं म्हणायच्या.

"इथे? बागा बंद पडल्या का सगळ्या?"

पण नंतर तोच बाक पुसून ठेवायला लागला. वन्सं तिथे भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसायच्या. चेहरा कागदासारखा झालेला. ज्या बाईला खाटेवर पडायला हवं होतं, ती त्याच इमारतीच्या बाकावर मुलीला एक शब्द पुन्हा शिकवत बसली होती. डॉक्टरीणबाई येता जाता बघायच्या आणि म्हणायच्या, "आता तरी तारीख घ्या." तीन महिने असे गेले. मग एका दिवशी बाळी स्वतःहून म्हणाली, "दवाखान्यात जायचं, घरी यायचं." त्या दिवशी वन्संनी तारीख घेतली.

ऑपरेशन मंगळवारचं ठरलं. वन्संनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "घरी कधी?" त्या म्हणाल्या, "शनिवारी सोडू."

"नक्की?"

"हो हो, नक्की."

वन्संनी बाळीला सांगितलं, "आई दवाखान्यात जाते. शनिवारी घरी येते." आणि तिला आमच्याकडे ठेवून गेल्या. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मी देवाला हात जोडले आणि घरी बाळीशी बोलायला लागले.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ते सोपं असेल. मी काही ह्यांच्यासारखी चेष्टेखोर नाही. पण बुधवार संपेपर्यंत माझा जबडा दुखायला लागला. "आलेच हं," म्हणून मी गॅसपाशी वळले, तर ही माझ्या पाठीशी उभी, आले का बघायला. "जरा थांब," म्हटलं तर विचारते, "जरा किती?" "बघू" म्हटलं की ती मी बघते तिकडे बघायची. फोनवर शेजारणीला म्हणाले, "अगं, माझा जीव गेला कामानं," आणि बाळीनं माझा हात घट्ट पकडला. मी दिवसभर किती बोलते आणि त्यातलं किती नुसतं हवेत सोडते, ते मला त्या आठवड्यात कळलं. प्रत्येक वाक्य तोंडातून काढायच्या आधी तांदूळ निवडतात तसं निवडायचं. गुरुवारी दुपारी मी बोलणंच बंद केलं. नुसत्या हातांनी वाढलं, हातांनी झोपवलं. आणि वन्सं हे इतकी वर्षं करत होत्या, काजांवर वाकून, कुणाच्या मदतीशिवाय.

शुक्रवारी संध्याकाळी हे दवाखान्यातून आले ते चेहरा पाडून. वन्संना ताप चढला होता. टाक्यांपाशी लाल झालं होतं, औषध बदललं होतं.

"सोडणार कधी?" मी विचारलं.

"म्हणे, 'तसं काळजीचं कारण नाही. साधारण एक-दोन दिवस. बहुतेक सोमवार. बघू.'" ह्यांनी कपाळावर हात मारला. "मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, मला एक शब्द द्या, एकाच अर्थाचा. त्या हसल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा चेष्टा करत नव्हतो, आणि त्या हसल्या."

शनिवारी सकाळी मी आंघोळ करून आले तर बाळी दारात. वेणी घातलेली, चप्पल पायात, कपड्यांची पिशवी छातीशी. "शनिवार," ती म्हणाली.

तेवढ्यात हे पुढे झाले. ह्यांना तिचं ते तोंड बघवलं नाही, एवढंच होतं. म्हणाले, "बाळी, आज शुक्रवार आहे. शनिवार उद्या."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. बाळीही बघत राहिली. आमच्याकडे शर्टांचा गठ्ठा नव्हता. वार कळायला तिच्याकडे मामाच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. तिनं मान हलवली, चप्पल काढून जागेवर ठेवली आणि भिंतीशी जाऊन बसली. हे हळूच मला म्हणाले, "बघ. एक दिवस मिळाला."

ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडरही उलटं करून ठेवलं. मी दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. पण खरं सांगायला मीही पुढे झाले नाही.

संध्याकाळी डबा घेऊन गेले आणि वन्संना सांगितलं. त्या उशीला टेकून पडल्या होत्या, ओठ कोरडे. मला वाटलं, रागावतील. रागावण्याइतकीही ताकद त्यांच्यात नव्हती.

"शनिवार नासवला त्यानं," एवढंच म्हणाल्या. "आता उद्या ती परत दारात उभी राहील. मग तो काय सांगेल? परत शुक्रवार?" मग म्हणाल्या, "मी अशीच घरी आले तर?"

"या अंगानं? टाके भरले नाहीत तुमचे."

"सांगितलंय ना मी तिला, शनिवारी."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्याही सकाळपासून उभ्या असाव्यात, टाचा बुटांतून बाहेर काढून उभ्या होत्या. वन्संनी विचारलं, "मला कधी सोडणार? गोड बोलू नका. मला मुलीला सांगायचंय."

डॉक्टरीणबाई काहीतरी बोलणार होत्या, पण थांबल्या. खाटेच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मला माहीत नाही. ताप उतरला तर लवकर. नाही उतरला तर नाही. आज मला खरंच माहीत नाही."

त्या गेल्या. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, हा शब्द तिच्याकडे नाही."

"कुठला?"

"'माहीत नाही.' मी तो तिच्यासमोर कधी म्हटलाच नाही. मला वाटायचं, आईलाच माहीत नाही म्हटलं तर ती धरेल कशाला? म्हणून माहीत नसलं तरी मी काहीतरी सांगून टाकायचे आणि मग ते खरं करत बसायचे. शनिवारी गठ्ठा म्हटलं की शनिवारीच, मग डोळे फुटले तरी. दुपारी येते म्हटलं की दुपारीच, मग रस्ताभर पळत. दमले मी सांगितलेलं खरं करता करता." त्यांनी डोळे मिटले. "उद्या आणा तिला."

रविवारी सकाळी बाळी पुन्हा दारात होती. "शनिवार." हे खुर्चीत बसून राहिले, मान खाली. मी म्हणाले, "दवाखान्यात जायचं."

बाकापर्यंत ती नीट आली. पहारेकऱ्यानं बाक पुसला. पण जिन्याकडे वळल्याबरोबर ती जागच्या जागी रुतली. तिच्या बापाला वर नेलेलं तिला आठवत होतं, आणि वरचा मजला वन्संनी शिकवलेल्यात नव्हता. मी वर जाऊन वन्संना सांगितलं. वॉर्डातल्या मावशींनी कुरकुर करत त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, सलाईनची बाटली माझ्या हातात दिली आणि लिफ्टनं खाली आणलं. "एवढं मोठं लेकरू, आणि जिना चढता येत नाही?" मावशी म्हणाल्या.

बाळी आईला बघून उठली आणि पिशवी पुढे केली. "शनिवार. घरी."

वन्सं म्हणाल्या, "बाळी, शनिवार काल होता. मामा चुकला. आज रविवार. मी शनिवारी आले नाही."

बाळीनं पिशवी परत छातीशी धरली. "कधी?"

"मला माहीत नाही."

बाळी आईच्या ओठांकडे बघत होती, जसं काही शब्द तिथे दिसणार होता. "सोमवारी?"

"माहीत नाही."

"मंगळवारी?"

"माहीत नाही."

एकेक वार तिनं विचारला, शनिवारपर्यंत, आणि मग पुन्हा रविवारपासून. वन्संनी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात, न चिडता, न समजूत घालता. मी बाटली उंच धरून उभी होते, माझा खांदा भरून आला होता. हे खांबाआड उभे होते. माझ्या मनात देवाचं नाव चाललं होतं, पण काय मागायचं ते सुचत नव्हतं.

मध्येच बाळी थांबली. तिनं नवाच वार शोधत असल्यासारखं इकडे तिकडे बघितलं, आणि मग हळूच म्हणाली, "आईला माहीत नाही."

"हो," वन्सं म्हणाल्या. "आईला माहीत नाही. आई मेली नाही. आई इथे आहे."

बाळी रडली. मोठ्यानं रडली, बाकावरची माणसं वळून बघायला लागली. पण तिनं आईचा पदर धरला नाही. रडून झाल्यावर ती आईच्या खुर्चीला लागून बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. आणि वन्संना त्या खुर्चीतच झोप लागली, मान एका बाजूला टाकून, तोंड किंचित उघडं. इतक्या वर्षांत मी त्यांना बाळीच्या आधी झोपलेलं कधी बघितलं नव्हतं.

मावशींनी थोडा वेळ वाट बघितली, मग वाकून बाळीला विचारलं, "नेऊ का गं वर तुझ्या आईला?"

बाळी म्हणाली, "माहीत नाही."

"मग मला तरी कुठे माहीत आहे," मावशी म्हणाल्या आणि माझ्या हातातली बाटली घेतली. लिफ्टचं दार लागेपर्यंत बाळी बघत होती. उठली मात्र नाही.

वन्सं गुरुवारी घरी आल्या. तोपर्यंत त्यांनी कुठलाच वार सांगितला नाही. डॉक्टरीणबाईंनी सोडलं, गाडी दारात आली, तेव्हाच मला फोन करून म्हणाल्या, "आता सांगा तिला." आता त्या काम कमी घेतात. मास्तरांनी "कधी देणार?" विचारलं की "माहीत नाही" म्हणतात. मास्तर कुरकुरतात आणि थांबतात. बाळी शेजारी बसून बटणं निवडते.

त्या रविवारी दवाखान्यातून निघताना फाटकाशी बाळीनं ह्यांना विचारलं होतं, "आज कुठला वार?"

"रविवार," हे म्हणाले. ह्यांचा आवाज मला ओळखू येईना.

बाळीनं लगेच मान हलवली नाही. ती माझ्याकडे वळली आणि थांबली. मीही म्हणाले, "रविवार." तेव्हा तिनं पाऊल उचललं. अजूनही ह्यांनी तिला काही सांगितलं, की ती आधी माझ्याकडे बघते. मी तेच सांगेपर्यंत हे थांबतात.